‘रिव्ह्यू एसओएस’ म्हणजे काय हो?



मागच्या वेळी कैरीच्या साठवणीचा दुसरा भाग लिहीन म्हटलं होतं. तो आता पुढच्या वेळी. चातुर्मास सुरू झालाय, थोड्याच दिवसांत दशलक्षण पर्व येईल, आणि पर्व म्हटलं की मला गेल्या वर्षीचा एक कागद आठवतो. आमच्या धाकट्या भाऊजींचा दवाखान्यातला डिस्चार्जचा कागद. त्यावर सगळं इंग्रजीत. दोन गोळ्यांची नावं, ‘सीटी ब्रेन नॉर्मल’, आणि सगळ्यात खाली दोन शब्द, ‘रिव्ह्यू एसओएस’.

मी बी.कॉम. झालेली बाई. इंग्रजी वाचता येतं, बॅलन्सशीट कळते. पण एसओएस म्हटल्यावर मला सिनेमातलं बुडतं जहाज आठवलं. पुढे कळलं की डॉक्टरी भाषेत त्याचा अर्थ ‘गरज वाटल्यास पुन्हा दाखवा’. बरं. पण गरज कधी वाटायला हवी, काय दिसलं म्हणजे गरज, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. माझं आजचं म्हणणं एवढ्याच गोष्टीबद्दल आहे, पण ते पटायचं तर झालं काय ते आधी सांगायला हवं.

पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमेचा. भाऊजींचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. संध्याकाळी घरी येताना पाऊस नुकताच थांबलेला, रस्त्यावर चिखल, त्यात कुत्रं आडवं आलं आणि स्कूटर घसरली. हेल्मेट होतं. डोकं दुभाजकाला आपटलं आणि मान एका बाजूला जोरात झटकली गेली. पण स्वतः उठले, स्कूटर उचलली, कपडे झटकले. लोकांनीच आग्रहानं दवाखान्यात नेलं. तिथे डोक्याचा सीटी स्कॅन झाला, नॉर्मल आला, आणि रात्री आठला भाऊजी घरी.

आमच्या घरात कुणालाही लागलं की पहिला प्रश्न, रक्त आलं का? नाही म्हटलं की सगळे निवांत. मग तो मुका मार. घरात हळदीचा व्यापार, आंबेहळद कायम हाताशी. लेप लावला आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून मान दुखायला लागली. फक्त डावी बाजू, कानामागून डोळ्याच्या खोबणीपर्यंत. भाऊजी म्हणाले, असं आधी कधी दुखलं नव्हतं. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं होतं, मला चांगलं आठवतं. आम्ही म्हणालो, मान अवघडली असेल, आणि वर एकाशन चालू आहे, पित्त चढलं असेल. तिसऱ्या दिवशी ते दाढी करायला गेले तेव्हा त्यांनी मानही ‘मोकळी’ करून घेतली. कड् असा आवाज आला म्हणे, बरं वाटलं म्हणे. चौथ्या दिवशी दुपारी एकाशनाचं ताट वाढताना मला त्यांची डावी पापणी किंचित खाली आलेली दिसली. मी विचारलंही, ‘झोप झाली नाही का भाऊजी?’ ते हसले, ‘वहिनी, पहाटे अभिषेकाला उठायचं, पर्वात कसली झोप?’ मी वरण वाढून पुढे गेले.

ती पापणी मी बघितली होती. घरात दुसऱ्या कुणीच बघितली नव्हती. हे मला आजही सुटत नाही.

सातवा दिवस, उत्तम तपाचा. सकाळी नऊच्या सुमारास भाऊजी मंदिरातून आले. जाऊबाईंनी दुकानाच्या किल्ल्या विचारल्या. त्यांनी उत्तर दिलं, पण ते शब्द नव्हते. जीभ हलत होती, आवाज येत होता, अर्थ लागत नव्हता. आम्ही समजलो, उपासानं चक्कर आली. खाटेवर निजवलं, पंखा लावला, साखरपाणी आणलं. एकाशन मोडायचं नाही म्हणून त्यांनी तो पेला बाजूला सारला, डाव्या हातानं. आयुष्यभर उजव्या हातानं लिहिणारा, जेवणारा माणूस डाव्या हातानं पेला सारतो, आणि आम्ही चार बायका-माणसं उभी राहून बघतो. बाम चोळण्यात आणि थोडं पडू द्या म्हणण्यात दीड तास गेला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बघताक्षणी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. पहिल्या ठिकाणी सीटीचं मशीन बंद. दुसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा पावणेदोन.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘अलीकडे कुठे पडले होते का? मानेला काही झालं होतं?’ जाऊबाई म्हणाल्या, ‘नाही.’ त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या हिशेबी तो विषय ‘नॉर्मल’ म्हणून बंद झाला होता. मी मागून म्हटलं, ‘पडले होते. सहा दिवसांपूर्वी.’ मग मानेच्या रक्तवाहिन्यांचा डाय घालून सीटी झाला. डाव्या बाजूची मोठी धमनी वर जाता जाता ज्योतीच्या टोकासारखी निमुळती होत गेलेली. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त कमी पडलं होतं. म्हणून उजवा हात, आणि म्हणून वाचा.

आता ते मेंदूचं काम नीट सांगते, कारण मला ते कळायला पंधरा दिवस लागले. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या मुख्य धमन्या चार. दोन मानेच्या पुढच्या बाजूनं वर जातात, बोट ठेवलं की ज्यांची नाडी लागते त्या. दोन मागच्या बाजूनं, मानेच्या मणक्यांच्या कडेला असलेल्या भोकांतून ओवल्यासारख्या. धमनीची भिंत एकजात नसते, तिला आतून बाहेर असे तीन थर असतात. मान जोरात झटकली, पिळली किंवा तिच्यावर फटका बसला तर सगळ्यात आतला थर चिरू शकतो. चादरीच्या अभ्र्याचं आतलं अस्तर उसवावं तसं. मग रक्त त्या चिरेतून भिंतीच्या आतच घुसतं, तिथे फुगवटा होतो आणि वाट अरुंद होते. शिवाय उसवलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते. ती तुटून वर गेली की मेंदूतली एखादी बारीक वाहिनी बंद. हाच लकवा. बाहेरून खरचटलेलं सुद्धा दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे हे सगळं त्याच तासात होत नाही. काही तासांनी होतं, बऱ्याचदा काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी सुद्धा.

मग पहिला सीटी खोटा होता का? मीही चिडून हेच विचारलं होतं. नव्हता. तो फक्त मेंदूचा साधा सीटी होता, कवटीच्या आत रक्तस्राव आहे का हे बघण्यासाठी केलेला, आणि त्याचं उत्तर बरोबर होतं. ऑडिटर जेवढ्या वह्या समोर ठेवल्या तेवढ्यांवरच सही करतो. तिजोरी नीट मोजून ‘रोकड बरोबर’ लिहिलं म्हणजे गोदामातला माल बरोबर आहे असं होत नाही. आमची चूक ही की आम्ही तिजोरीचा दाखला सगळ्या दुकानाला लावला. दवाखान्याची चूक ही की दाखला कशाचा आहे ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

पुरुषमंडळींना ही गोष्ट समजावताना मी क्रिकेटचा आधार घेते. ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज आठवतो? २५ नोव्हेंबर २०१४, सिडनीचं मैदान, ६३ धावांवर खेळत होता. उसळता चेंडू हेल्मेट चुकवून डाव्या कानाखाली मानेवर बसला. दोन-चार क्षण गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला आणि कोसळला. दोन दिवसांनी गेला. तीन दिवसांनी त्याचा २६ वा वाढदिवस होता. त्याच्या मानेतली मागची धमनी फाटली आणि मेंदूभोवती रक्तस्राव झाला. आमच्याकडे गुठळी होती, तिथे रक्तस्राव. पण मार धमनीलाच. त्यानंतर हेल्मेटला मागून मानेचं संरक्षण जोडायची पद्धत आली. तरी २०१९ साली लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर जोफ्रा आर्चरचा चेंडू बसला तेव्हा त्यानं ते लावलेलं नव्हतं. ऑस्ट्रेलियन बोर्डानं ते सक्तीचं केलं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. एक तरुण मुलगा गेल्यावर नऊ वर्षांनी! माणसाची जात सगळीकडे सारखीच, सवय सुटत नाही.

हा आजार काही आत्ता सापडलेला नाही. मार लागल्यानंतर मानेतली धमनी बिघडून अर्धांगवायू झालेल्या रुग्णाचं वर्णन १८७२ साली एका फ्रेंच शल्यचिकित्सकानं करून ठेवलंय. एकूण लकव्यांत याचा वाटा साधारण दोन टक्के, म्हणजे थोडा. पण पन्नाशीच्या आतल्या लोकांच्या लकव्यात तोच वाटा दहा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो. भाऊजी ४६ वर्षांचे. बीपी नाही, साखर नाही, तंबाखूचा तर प्रश्नच नाही. ‘एवढ्या निर्व्यसनी माणसाला लकवा कसा?’ असं भेटायला येणारा प्रत्येकजण विचारायचा. त्याचं उत्तर हे.

आता तुम्ही म्हणाल, काकी, उगाच घाबरवू नका, प्रत्येक टेंगळाला काय मानेचा स्कॅन काढायचा? नाही हो. मुळीच नाही. घरात मुलं पडतात, कपाटाच्या दाराला डोकं आपटतं, त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही. स्कॅनला पैसे लागतात, किरणं लागतात, डाय लागतो. कुणाला तो काढायचा हे डॉक्टर ठरवतील. मी मागतेय ते वेगळं आहे आणि फुकटचं आहे. हा आजार बऱ्याचदा दवाखान्यात दिसत नाही, घरात दिसतो. दुसऱ्या दिवशी चहा देताना, चौथ्या दिवशी ताट वाढताना. तो बघणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातली बाई असते. मग काय बघायचं हे तिला तिच्या भाषेत सांगायला नको? ‘रिव्ह्यू एसओएस’ लिहायला जेवढी शाई लागते त्याच्या दहापट शाईत चार ओळी मराठीत लिहून होतात. औषधांच्या दुकानदारानं सुद्धा पाकिटावर सकाळ-संध्याकाळ मराठीत लिहिलेलं असतं. एवढ्या मोठ्या इमारतीला ते जमू नये?

काय बघायचं ते मी आता शिकलेय. डोक्याला किंवा मानेला जोराचा झटका बसल्यावर एका बाजूची मान, कानामागचा भाग किंवा डोळ्यामागे नव्यानं दुखायला लागणं, आणि माणूस स्वतः म्हणतोय की असं आधी कधी दुखलं नव्हतं. एक पापणी खाली येणं आणि त्याच डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा लहान दिसणं; मंद उजेडात बघितलं तर समजतं. एका कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं-सूं आवाज. गरगरणं, एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं, पाणी पिताना ठसका लागणं. यातलं काही पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळलेलं असं काही असेल तर बाम नाही, साखरपाणी नाही, ‘थोडं पडू द्या’ नाही. १०८ ला फोन. हा आकडा तर आपल्याला जपमाळेमुळे पाठच आहे.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात. भाऊजी नऊला बिघडले, आम्ही पावणेदोनला पोचलो. हिशेब तुम्हीच करा. काही जणांची गुठळी तारेनं ओढून काढता येते, त्याची मुदत थोडी लांब असते, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही आणि सगळीकडे होतही नाही. म्हणून आपल्या गावात चोवीस तास सीटी चालू असलेला दवाखाना कुठला, हे आजच विचारून ठेवा. गॅस सिलिंडर संपायच्या आधी आपण नंबर लावतो ना, तसंच.

आणि पडल्याचं लपवू नका. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडे अपघात म्हटलं की पोलीस केस होईल, विम्याची भानगड होईल, म्हणून ‘घरातच पाय घसरला’ किंवा ‘काही नाही झालं’ असं सांगायची पद्धत आहे. डॉक्टरांना पडल्याचं कळलं तरच ते मान बघतील. शिवाय ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याआधी गेल्या तीन महिन्यांत डोक्याला मोठा मार बसलाय का, हे त्यांना बघावंच लागतं, नाहीतर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका. तुम्ही वाचवायला म्हणून लपवाल आणि तेच अंगाशी येईल. याच कारणानं मार लागलेल्या माणसाला घरच्या घरी ॲस्पिरिनही देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कुणालाच कळत नाही.

मान मोडण्याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय, कुणाला राग आला तरी चालेल. तिसऱ्या दिवशीच्या त्या कड् आवाजानं धमनी फाटली की पहिल्या दिवशीच्या पडण्यानं, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही, आणि त्या केशकर्तनवाल्या दादांना मी दोष देत नाही. ते आमच्याच आग्रहावरून करतात. पण २०१४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं याबद्दल निवेदन काढलंय. मानेला झटका देऊन केलेले उपचार आणि धमनी फाटणं यांचा संबंध दिसतो, कारण-परिणाम सिद्ध झालेलं नाही, पण रुग्णाला आधी ही कल्पना द्यायला हवी, असं त्यात म्हटलंय. आधी मार लागून मान दुखतेय आणि त्यावर पुन्हा झटका, हे तर अक्कल गहाण टाकल्यासारखंच. आपणही काही मागे नाही. पार्लरमध्ये केस धुताना बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून दहा-दहा मिनिटं बसतो. १९९३ साली वाइनट्रॉब नावाच्या अमेरिकन मेंदूतज्ज्ञानं त्यावरून पाच बायकांच्या केस लिहिल्या आणि त्याला नावच पार्लरच्या लकव्याचं दिलं. क्वचितच होतं ते. तरी मी आता मानेखाली जाड टॉवेल मागते आणि चक्कर आल्यासारखं झालं की उठून बसते. मुली हसतात, हसू देत.

गाडीतला पट्टा हा अजून एक विषय. पट्टा लावायचाच, त्यात वाद नाही. पण आपल्यासारख्या बुटक्या बायकांच्या तो खांद्यावरून न जाता मानेवरून जातो. बाजूच्या खांबावर त्याची उंची खाली करायची सोय बऱ्याच गाड्यांत असते, ती वापरा. अपघातानंतर मानेवर पट्ट्याचा वळ आणि सूज दिसली तर ती डॉक्टरांना दाखवा. मानेच्या धमन्या तपासायच्या की नाही हे ठरवताना ते या खुणेकडेही बघतात.

माझ्या वयाच्या आज्यांसाठी एक गोष्ट, जी मला या सगळ्या चौकशीत कळली. सहा महिने ते दोन वर्षांचं बाळ पलंगावरून पडतं, रडतं, गप्प होतं, आणि काही मिनिटांनी किंवा तासांनी एक हात उचलत नाही. आपण म्हणतो हात मुरगळला, आणि तेल लावतो. कधी कधी तो हाताचा प्रश्न नसतो. काही बाळांच्या मेंदूतल्या अगदी बारीक धमन्यांत चुन्याचे कण साठलेले असतात आणि साध्या पडण्यानं सुद्धा तिथे लकवा बसतो. भारतातल्या बालमेंदूतज्ज्ञांनी यावर बरंच लिहिलंय, हैदराबादच्या डॉक्टरांचा लेख २०१४ चा आहे. यातली बरीच बाळं छान सुधारतात. पुष्कळांच्या रक्तात लोह कमी सापडतं, तेही तपासून घ्यावं. तेव्हा पडलेल्या बाळाच्या दोन्ही हातांत खुळखुळा देऊन बघा. एकच हात पुढे आला तर तेलाची वाटी ठेवा आणि दवाखाना गाठा.

आमच्या नात्यातल्या एक वयस्कर बाई भेटायला आल्या आणि म्हणाल्या, ‘कर्माचा उदय, दुसरं काय.’ मी त्यांना उत्तर दिलं नाही, घरी आलेल्या माणसाला काय बोलायचं. पण इथे बोलते. कर्माचा उदय मी मानते. पण निमित्त म्हणूनही काही आपल्या शास्त्रात सांगितलंय ना? बंद पडलेलं मशीन, दीड तासाचा बाम, मराठीत न लिहिलेल्या चार ओळी, ही निमित्तं माणसाच्या हातातली आहेत. ती सोडून सगळं कर्माच्या खात्यावर टाकणं म्हणजे हिशेब न जुळला की ‘किरकोळ खर्च’ लिहून वही मिटणं. आणि दुसऱ्या बाजूनं, भाचरांपैकी एकानं ‘बघा, उपासानं झालं’ म्हणून आमच्यावर तोंड टाकलं, तेही खरं नाही. एकाशनानं धमनी फाटत नाही. एकाशनानं आम्हाला सबब मिळाली, एवढंच. डोकं दुखतंय, एकाशन आहे. थकवा दिसतोय, एकाशन आहे. पर्वात घरातल्या कुणाला लागलं तर व्रत आणि मार यांचे हिशेब वेगळे ठेवायला हवे होते.

उपचारांबद्दल थोडं. अशा जखमेला गुठळी होऊ न देणारी औषधं काही महिने देतात. ॲस्पिरिनच्या जातीची की रक्त पातळ करणारी, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. २०१५ साली २५० रुग्णांचा एक अभ्यास छापून आला, त्यात दोन्हींत ठळक फरक दिसला नव्हता. भाऊजींना वॉरफरिन दिलं. संध्याकाळची गोळी सूर्यास्तापूर्वी चालेल का, असं आम्ही भीत भीत विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज तीच वेळ ठेवा म्हणजे झालं. उगाच भीत होतो.

खरी गंमत कार्तिकात झाली. रक्त किती पातळ आहे ते बघायला आयएनआर नावाची तपासणी करतात. ती भाद्रपद-अश्विनात छान जुळली होती, आणि दिवाळीनंतर आकडा एकदम घसरला. गोळी तीच, वेळ तीच, डॉक्टर कोड्यात. ‘जेवण नेहमीसारखंच आहे ना?’ हो, नेहमीसारखंच. घरी येऊन मेथी निवडायला बसले आणि डोक्यात प्रकाश पडला. चातुर्मासात आमच्याकडे पालेभाजी बंद असते! कार्तिकी पौर्णिमेनंतर मेथी, पालक, शेपू सगळं एकदम ताटात आलं होतं. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतं. आमचं ‘नेहमीसारखं’ जेवण वर्षातून दोनदा बदलतं, हे त्या बिचाऱ्यांना कसं कळणार, आणि पालेभाजीचा गोळीशी संबंध आहे हे आम्हाला कसं कळणार? वॉरफरिन चालू असलेल्या मैत्रिणींनो, चातुर्मासाचा नियम घेण्याआधी आणि सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, तपासणी लवकर करून घ्या. भाजी सोडावी लागत नाही, फक्त ती एकदम कमी-जास्त व्हायला नको.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. धमनी बरीच उघडलीय. तीन-सहा महिन्यांत अशा बऱ्याच जखमा आपोआप भरतात म्हणे, धमनी सांधून येते. मेंदूचा गेलेला भाग तसा येत नाही. भाऊजी चालतात, उजव्या हातानं जेवतात, सही वाकडी येते. बोलतात, पण आकडे अडकतात. ‘साडेचौदा हजार’ म्हणायचं असतं आणि ओठांवर काहीतरी तिसरंच येतं. हळदीच्या सौद्यात उभ्या उभ्या आकडे बोलण्यावर ज्याचं पोट, त्याला हे. आता सौद्याला पुतण्या उभा राहतो, भाऊजी मागे पोत्यावर बसून बोटांनी खुणा करतात. वाचा सुधारायचे धडे रोज दुपारी मी घेते, एक ते शंभर, मग पाढे. परवा सत्तावीसवर अडकले आणि स्वतःच हसले, तेव्हा मला बरं वाटलं.

मी एक कागद तयार केलाय. ‘डोक्याला किंवा मानेला मार लागल्यावर घरी तीन आठवडे काय बघायचं’, मोठ्या अक्षरात, मराठीत, एकाच पानावर. डॉक्टरीणबाईंनी तपासून दोन शब्द बदलले आणि एक ओळ वाढवली, ‘पडल्याची तारीख येथे लिहा’. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी शंभर झेरॉक्स काढून घेतल्या, मंदिराच्या फलकावरही एक लावलाय. ज्या दवाखान्यानं ‘रिव्ह्यू एसओएस’ लिहिलं होतं तिथेही मी गेले होते, भांडायला नाही, कागद द्यायला. काउंटरवरच्या मुलीनं तो नीट घेतला, ‘सरांना दाखवते’ म्हणाली. गेल्या महिन्यात शेजारच्या मुलाला तिथेच नेलं होतं, दारात सायकलवरून पडला म्हणून. त्याचा डिस्चार्जचा कागद मी मागून बघितला. खाली तेच दोन शब्द. पर्व झालं की मी पुन्हा जाणार आहे. तोवर कागद हवा असेल त्यांनी मला कळवा, पाठवते.